डोळ्यांनीं खेळावयाचे खेळ

डोळ्यांनीं पाहावें आणि हातांनीं करावें, अशी कामाची वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे असें आपण धरून चालतों. विटी कोलावी ती हातानें, गोटी मारावी ती बोटानें; डोळ्यानें फक्त नेम धरावा. परंतु नेम धरणें हें कांहीं हलकें काम नव्हे. श्रीसिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेंत फुग्यांवर नेम मारणारा मुलगा पाहा. बंदूक रोखण्यापूर्वींच त्याच्या डोळ्यांनीं फुगा निवडलेला असतो. हात मागाहून येतो. मग ज्या मुलाचा हात येतच नाहीं, त्याच्या डोळ्यांनीं फुगा निवडला होता हें आपणांस कसें कळावें? आणि ज्या मुलाची नजर एका फुग्यावर ठरतच नाहीं, त्याला नेम धरावयास कसें शिकवावें?

या दोन्ही प्रश्नांस अलीकडे एक नवें उत्तर मिळूं लागलें आहे. केवळ डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे व्हिडिओ गेम निघाले आहेत, आणि मेंदूच्या वाढींत अडचण असलेल्या मुलांसाठीं त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न चालले आहेत. या खेळांचें खरें मोल काय, त्यांपासून कशाची अपेक्षा करावी व कशाची करूं नये, आणि आपल्या सोलापूर शहरानें त्यांविषयीं काय करावें, याचा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम हीं मुलें कोण तें पाहूं. मेंदूची व मज्जातंतूंची वाढ गर्भावस्थेंत किंवा बाल्यावस्थेंत नेहमींपेक्षां निराळ्या रीतीनें झाल्यानें ज्या अडचणी उत्पन्न होतात, त्यांस मेंदूविकासाचे विकार म्हणतात. स्वमग्नता, अतिचंचलता, वाचन-लेखनांतील विशिष्ट अडचण, बुद्धीची मंद वाढ, आणि अवयवांवर ताबा नसणें, ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात, हे सर्व त्यांत मोडतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पलवल, कांगडा, धेनकनाल, हैदराबाद व उत्तर गोवा या पांच ठिकाणचीं २ ते ९ वर्षांचीं ३,९६४ मुलें तपासण्यांत आलीं. दृष्टीचे व श्रवणाचे दोष धरून अशा विकारांपैकीं निदान एक तरी असलेलीं मुलें ६ ते ९ वर्षांच्या वयांत शेंकडा १३ हून अधिक असावींत, असा त्या पाहणीचा अंदाज आहे. या हिशेबानें साठ मुलांच्या वर्गांत अशीं सात-आठ मुलें असावयास पाहिजेत. आपल्या वर्गांत तितकीं दिसत नसतील, तर त्यांतील कांहीं 'ढ' किंवा 'व्रात्य' या नांवाखालीं मागच्या बांकावर बसलीं आहेत, आणि कांहीं शाळेची पायरीच चढलेलीं नाहींत, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां हे खेळ चालतात कसे तें पाहूं. डोळा कोठें पाहतो हें मोजण्याची हौस जुनी आहे. वाचतांना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाहीं, तर थबकत थबकत उड्या मारीत जातो, हें एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रवैद्याच्या काळीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लक्षांत आलें. पुढें अमेरिकेंत एडमंड ह्यूई यानें प्लॅस्टरची एक बारीक वाटी करून ती वाचणाराच्या डोळ्यावर बसविली, तिला हलकीशी सळई जोडली, आणि डोळ्याबरोबर हलणाऱ्या त्या सळईकडून रेघा ओढविल्या. वाचनाच्या मानसशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १९०८ सालीं प्रसिद्ध झाला. डोळ्यावर वाटी बसवून घेण्यास कोणतें मूल तयार होईल? आतां तसें कांहीं करावें लागत नाहीं. संगणकाच्या पडद्याखालीं बसविलेली एक लहानशी पट्टी डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकते. हा प्रकाश आपणांस दिसत नाहीं. पण बुबुळावरील पारदर्शक पटलावर त्याचा एक चकाकणारा ठिपका उमटतो. हा ठिपका आणि डोळ्याची बाहुली यांमधील अंतर व दिशा कॅमेरा एका सेकंदांत अनेक वेळां टिपतो, आणि नजर पडद्यावर कोठें पडली आहे तें यंत्र त्यावरून काढतें. खेळास आरंभ करण्यापूर्वीं पडद्याच्या निरनिराळ्या जागीं उमटणाऱ्या चित्रांकडे मुलाला पाहावयास लावितात. त्यावरून यंत्रास त्या मुलाच्या डोळ्यांची ओळख पटते.

यांत एक मोठी अडचण होती. हात आपण हवा तेव्हां उचलतों व नको तेव्हां मांडीवर ठेवतों; डोळा मात्र उघडा आहे तोंवर कोठें ना कोठें पाहतच असतो. पाहिलें कीं निवडलें, असा नियम ठेविला तर हात लावील त्याचें सोनें करणाऱ्या मिडास राजासारखी खेळणाराची फजिती व्हावयाची. शास्त्रज्ञांनीं या अडचणीस त्याच राजाचें नांव दिलें आहे. म्हणून पुष्कळ खेळांत नजर एखाद्या चित्रावर अर्धा-एक सेकंद ठरली तरच ती निवड मानतात, आणि ही मुदत मुलाच्या सोयीनें कमीजास्त करतां येते. नजरेच्या या ठरण्यांतच खेळाचें सारें मर्म आहे. एका मुलाच्या बाबतींत तें हाताचें काम करतें. दुसऱ्याच्या बाबतींत तोच शिकावयाचा धडा असतो.

पहिल्या प्रकारच्या मुलाचा विचार करूं. सेरेब्रल पाल्सीनें ज्याचे हातपाय ताठलेले किंवा आपोआप हलणारे आहेत, ज्याच्या जिभेवरही ताबा नाहीं, असें मूल बुद्धीनें कसें आहे हें आपण कशावरून ठरवितों? विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर देत नाहीं, यावरून! ज्याच्या हातांत लेखणी दिलीच नाहीं त्याची उत्तरपत्रिका कोरी आली म्हणून त्याला नापास करावें, तसलाच हा न्याय आहे. मुंबईच्या मालिनी चिब यांचें उदाहरण या बाबतींत डोळे उघडणारें आहे. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनीं अशा मुलांच्या शिक्षणासाठीं १९७२ सालीं मुंबईंत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. मालिनीबाई पुढें सेंट झेवियर्स महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या, लंडनमध्यें त्यांनीं आणखी दोन उच्च पदव्या मिळविल्या, आणि २०१० सालीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. तें त्यांनीं एका बोटानें टंकलिखित केलें. म्हणून त्याचें नांवच 'वन लिटल फिंगर', म्हणजे 'एक इवलेंसें बोट', असें आहे. मालिनीबाईंच्या ताब्यांत एक बोट तरी होतें. ज्यांच्या ताब्यांत तेंही नाहीं, त्यांच्यापाशीं पुष्कळदां डोळे असतात.

अशा डोळ्यांना काम देणारीं साधनें आतां अगदींच दुर्मिळ राहिलीं नाहींत. इंग्लंडमध्यें २००७ सालीं निघालेल्या स्पेशलइफेक्ट या धर्मादाय संस्थेनें, 'माइनक्राफ्ट' हा ठोकळे रचून घरें व किल्ले उभारण्याचा लोकप्रिय खेळ केवळ डोळ्यांनीं खेळतां यावा अशी सोय करून ती विनामूल्य दिली. संगणकांच्या विंडोज प्रणालींत २०१७ पासून, आणि ॲपल कंपनीच्या कांहीं फोनांत व टॅब्लेटांत २०२४ पासून, नजरेनें यंत्र चालविण्याची सोय आलेली आहे. कोणी म्हणेल, हीं साधनें मुलाला शिकविण्यासाठीं वापरा; खेळासाठीं कशाला? याचें उत्तर सोपें आहे. नजरेनें यंत्र चालविणें ही एक कला आहे, आणि ती सरावानें येते. पहिल्याच दिवशीं त्या मुलापुढें प्रश्न मांडून त्याची परीक्षा घेतली तर तें चुकेल, आणि चूक यंत्राच्या नवखेपणाची कीं बुद्धीची हें कोणासच कळणार नाहीं. खेळांत चुकलें तर कांहीं बिघडत नाहीं. पुन्हां डाव मांडावा. शिवाय जन्मापासून ज्याला दुसऱ्यानें भरविलें, दुसऱ्यानें उचललें, दुसऱ्यानें कूस पालटविली, त्या मुलानें पाहिलें आणि त्यासरशी पडद्यावरचा फुगा फुटला, तर 'हें मीं केलें' असा अनुभव त्याला कदाचित् प्रथमच येत असेल. जो कांहीं करूं शकतो तोच पुढें कांहीं मागूंही लागतो, आणि मागणें हाच बोलण्याचा आरंभ होय.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे हात उत्तम चालतात. पण नजर ठरत नाहीं, किंवा एकदां ठरली कीं तेथून सुटत नाहीं. स्वमग्न व अतिचंचल मुलांत ही अडचण पुष्कळ वेळां आढळते. वर्गांत गुरुजी फळ्याकडून पुस्तकाकडे वळले तर चाळीस डोळे त्यांच्याबरोबर वळतात. याची नजर मागें राहते, व तेवढ्यांत धडा पुढें जातो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेंत लिअ‍ॅन चुकोस्की व जीन टाउनसेंड या विदुषींनीं याच दृष्टीनें नजरेचे खेळ तयार करविले. बिळांतून डोकें वर काढणाऱ्या प्राण्यावर नजरेनेंच प्रहार करावयाचा, अशा तऱ्हेचे ते खेळ आहेत. नजर चटकन् योग्य जागीं नेणें, तेथें ती ठरविणें, आणि नको तेथून ती आवरणें, या तीन गोष्टींचा सराव त्यांत होतो. कांहीं थोड्या स्वमग्न कुमारांनीं हे खेळ आपापल्या घरीं आठ आठवडे खेळल्यावर त्यांच्या अवधानांत व नजरेवरील ताब्यांत सुधारणा दिसली, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत नमूद आहे.

ही वार्ता आशादायक खरी. पण येथेंच आईबापांनीं सावध राहिलें पाहिजे. तो प्रयोग लहान होता, आणि असें करणें शक्य आहे काय एवढेंच पाहण्यासाठीं मुख्यतः तो केलेला होता. खेळांत आलेलें कौशल्य जीवनांत उतरतेंच असें नाहीं. पतंगाच्या पेंचांत पटाईत झालेला मुलगा तेवढ्यानें गणितांत पटाईत होत नाहीं. याचा एक दाखला पाहा. २०२० सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें ८ ते १२ वर्षांच्या अतिचंचल मुलांसाठीं एका व्हिडिओ गेमला वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली. तो खेळ डोळ्यांनीं खेळावयाचा नव्हता, तरी त्याचा धडा येथें लागू पडतो. त्याच्या परीक्षणांत संगणकावर घेतलेल्या अवधानाच्या चांचणींत मुलांचे गुण वाढले. पण घरच्या वागणुकीविषयीं आईबापांस विचारलें, तेव्हां तुलनेसाठीं दुसराच खेळ दिलेल्या मुलांतही जवळजवळ तितकीच सुधारणा दिसून आली. तेव्हां 'अमुक खेळ घ्या, मूल बरें करून देतों' असें सांगणारा कोणी विक्रेता दारांत आला, तर त्याला नम्रपणें परत पाठवावें. मुलाच्या चिंतेनें व्याकूळ झालेल्या आईच्या गळ्यांतील मंगळसूत्र गहाण पडावें, इतकी खात्रीची वस्तु ही अद्याप झालेली नाहीं.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. येलच्या अमि क्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, चित्रपट पाहतांना स्वमग्न व्यक्तींची नजर पात्रांच्या डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे किंवा वस्तूंकडे अधिक जाते. तें ऐकून 'माझ्या डोळ्यांत बघ' म्हणून मुलाची हनुवटी धरून वर करणारे लोक निघतात. हें करूं नये. स्वमग्न असलेल्या कित्येक प्रौढांनीं लिहून ठेविलें आहे कीं, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणें त्यांना जाचक होतें, आणि तसें न पाहिल्यानेंच त्यांचें ऐकण्याकडे लक्ष राहतें. शिवाय आपल्या घरांतून वडील माणसांच्या डोळ्यास डोळा भिडविणें हा उद्धटपणा समजला जातो. तेव्हां मुलाची नजर आपल्याकडे वळविण्यासाठीं खेळ आणूं नये. मुलाची नजर जेथें जाते तेथें आपण जावें व तेथून त्याच्याबरोबर पुढें चालावें, यासाठीं आणावा.

हें काम यंत्र एकटें करूं शकत नाहीं. गोव्यांतील संगाथ या संस्थेनें रावळपिंडीच्या संशोधकांसह एक प्रयोग केला. त्यांत मोठ्या तज्ज्ञांऐवजीं शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनीं स्वमग्न मुलांच्या आईबापांना, मुलाशीं खेळावें-बोलावें कसें, याचें मार्गदर्शन केलें. आईबाप मुलाच्या कलानें वागूं लागले आणि मुलें आपण होऊन अधिक संवाद करूं लागलीं, असा त्याचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. तसेंच दिल्लींत एका प्रयोगांत २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांपुढें टॅब्लेटवरील खेळ व चित्रें ठेवून त्यांची नजर व बोटांची हालचाल टिपण्यांत आली. तेंही काम तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनीं मुलांच्या घरीं जाऊन केलें, आणि मुंबईच्या आय.आय.टी.चा या उद्योगांत हात होता. यावरून दोन गोष्टी दिसतात. अशीं साधनें गरिबाच्या घरांतही नेतां येतात. आणि त्यांच्या शेजारीं बसणारें मायेचें व शिकलेलें माणूस असावें लागतें.

'मोबाइलच्या खेळांनीं मुलें बिघडतात असें तुम्हीच सांगतां, आणि आतां खेळ आणा म्हणतां!' असा आक्षेप कांहीं पालक घेतील, व तो रास्त आहे. पण भेद लक्षांत घ्यावा. जो खेळ मुलाला तासन् तास एकटें गुंतवून ठेवण्यासाठीं रचला आहे, तो निरोगी मुलासही घातक आहे. येथें सुचविलेला खेळ अर्ध्या तासाचा, ठरलेल्या वेळेचा, आणि कोणीतरी बरोबर बसून खेळावयाचा आहे. डोळे थकले, मूल तोंड फिरवूं लागलें, कीं तो बंद करावयाचा. मुलाच्या नजरेच्या ज्या नोंदी यंत्रांत सांठतात त्या आईबापांच्या संमतीवांचून कोणाच्या हातीं जाऊं नयेत, हेंही पाहिलें पाहिजे.

आतां आपल्या शहराविषयीं. एकेका कुटुंबानें हीं यंत्रें विकत घ्यावींत असें सांगणें, जेथें विडीच्या व मागाच्या मजुरीवर घरें चालतात तेथें, केवळ निष्ठुरपणाचें होईल. यंत्र सामाईक असावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करण्याची, आणि अडचण आढळलेल्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविण्याची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें २१ प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं असून त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. म्हणजे रस्ता आंखलेला आहे. त्यावर हें एक पाऊल टाकावयाचें आहे. शहरांतील दोन-तीन शाळांत नजरेवर चालणारें एकेक यंत्र ठेवावें, एका शिक्षकास तें चालविण्याचें शिक्षण द्यावें, आणि आसपासच्या सर्व मुलांना, मग तीं त्या शाळेचीं असोत वा नसोत, वार ठरवून तेथें येऊं द्यावें. ज्यांचे डोळे आपोआप थरथरतात किंवा मान स्थिर राहत नाहीं, त्यांना यंत्र नीट पकडूं शकत नाहीं. त्यांच्यासाठीं आधाराची खुर्ची, मोठ्या चित्रांचे खेळ आणि भरपूर धीर लागतो. उन्हांतील अवरक्त किरणांनीं यंत्राचा घोटाळा होतो, म्हणून सोलापूरच्या उन्हांत तें खिडकीपाशीं मांडूं नये. आणि सूचना मुलाच्या घरच्या भाषेंत असाव्यात. आपल्या गांवांत एका गल्लींत मराठी, दुसरींत तेलुगू, तिसरींत कानडी, चौथींत उर्दू बोलतात. ज्या मुलाला शब्दांचीच अडचण, त्याच्यापुढें परकी भाषा ठेवून आणखी एक भिंत उभी करूं नये.

यंत्र शाळेंतच ठेवावें, दवाखान्यांतच कां नाहीं, असें कोणी विचारील. दवाखान्यांत तें मूल रोगी असतें. शाळेंत तें खेळगडी होतें. या खेळांनीं स्वमग्नता जाणार नाहीं, ताठलेले हातपाय मोकळे होणार नाहींत. त्यांच्यापासून निश्चित मिळावयासारखी वस्तु एकच: आपल्या मनानें कांहीं करण्याची आणि बरोबरीच्या मुलांसह डाव मांडण्याची संधी. ती औषधाच्या चिठ्ठीवर मिळत नाहीं. ती इतर मुलांनींच द्यावी लागते.

म्हणून शेवटचा शब्द विद्यार्थ्यांना. मित्रांनो, तुमच्या आळींत असें एखादें मूल असेल. त्याच्या घरावरून तुम्ही रोज शाळेला जात असाल, आणि तें दारांतून पाहत असेल. तें काय पाहतें, याचा विचार तुम्हीं कधीं केला नसेल. त्याच्या घरीं जा, त्याच्या आईस विचारा, त्याला काय आवडतें तें जाणून घ्या. पुढें कधीं शाळेंत असें यंत्र आलें तर त्याच्याशेजारीं बसून खेळा, आणि तुम्हींही हात न लावतां डोळ्यांनींच खेळा. त्याला मुद्दाम जिंकूं देऊं नका. दयेचा डाव खेळणाराला लगेच कळतो. प्रामाणिकपणें खेळा. त्या खेळांत त्याचा सराव तुमच्याहून अधिक झालेला असेल, आणि पुष्कळदां तेंच तुम्हांस हरवील. तसें झालें तर उठून जाऊं नका. दुसरा डाव मांडा.